तंटामुक्त गावात तिचं कोण ऐकतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तसाच प्रश्न थोड्याफार फरकानं इतर तीन-चार गावांतूनही आला आहे.

प्रश्न : मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं. बांधाची, पाणंद रस्त्याची, विहिरीच्या पाळीची भांडणं आम्ही पारावर बसून मिटवली, लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वाचवले. गेल्या वर्षी भावकीतल्या एका पोराचं प्रकरण आलं. तो बायकोला मारायचा, म्हणून ती माहेरी निघून गेली होती. तिचे भाऊ, त्याचे वडील आणि समितीचे आम्ही सगळे बसलो. "पुन्हा हात उचलणार नाही" असं त्यानं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, आणि ती नांदायला आली. आता दिवाळीनंतर त्यानं तिचा हात मोडला. तिनं पोलिसांत तक्रार दिली आहे. सासरा रोज माझ्या दारात येऊन म्हणतो, "तिला तक्रार मागे घ्यायला सांगा, गावाचं नाव जातंय." समितीतले बहुतेक त्याच्याच बाजूचे आहेत. मला गावात शांतता हवी आहे. मी काय करावं?
— एक अध्यक्ष, जि. सातारा

उत्तर : अध्यक्षसाहेब, तिला तक्रार मागे घ्यायला सांगू नका. बाकीचं सविस्तर लिहितोच, पण हे आधी सांगतो, कारण उद्या सकाळी सासरा पुन्हा दारात येईल.

मी बरीच वर्षं ग्रामसेवक होतो, आता तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात बसतो. तुमच्यासारख्या बैठका मी दोन्हीकडून पाहिल्या आहेत. १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिनं खेड्यांचं भलं केलं हे मी मनापासून मानतो. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ पारावर शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. पण बांधाच्या भांडणात दोघांचाही काही हक्क असतो. दोघं हातभर मागे सरले की मध्ये दगड रोवता येतो. मारहाणीत तिनं किती मागे सरायचं? थोडा मार सोसायचा, एवढीच तडजोड तिच्या वाट्याला उरते. मोहिमेतही कायद्यानं आपसात मिटवता येतील तेवढीच प्रकरणं मिटवायची असतात. बायकोचा असा छळ त्यात बसत नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. बैठकीला तिचे भाऊ होते, त्याचे वडील होते, समिती होती. ती कुठे होती? तिला एकटीला बाजूला घेऊन कुणी विचारलं का? सासरा आणि भाऊ समोर बसलेले असताना "नांदशील ना?" असं विचारलं, तर ती मान हलवणारच. माहेरी वहिनी किती दिवस ठेवून घेईल, पोरांच्या शाळेचं काय होईल, परत गेल्यावर हे सगळे आपापल्या घरी जातील आणि दार लावल्यावर आत आपण दोघंच असू, हे सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यात असतं. त्या मानेच्या हलण्याला आपण संमती म्हणून लिहून घेतो. यापुढे अशा बाईशी बोलायचं तर अंगणवाडीत किंवा आशाताईंच्या घरी, आणि फक्त बायकांनी बोलावं. पारावर नको.

स्टॅम्प पेपरविषयीही सांगतो. तो मोडला म्हणून कुणाला अटक होत नाही. न्यायालयाचा आदेश मोडला तर होते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. नवऱ्यानं तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सासरच्या राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून तो जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गरज पडली तर न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. आपल्याकडे बाईनंच पोरं घेऊन बाहेर पडायचं असतं हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की ही तरतूद ऐकून मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या भुवया वर जातात.

तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायला सांगा. ते महिला व बालविकास खात्याचे असतात. घडलेल्या प्रकाराचा अहवाल तयार करून तो न्यायालयापुढे ठेवणं हे त्यांचं काम आहे. तालुका विधी सेवा समितीकडून तिला वकील फुकट मिळेल. बाईचं उत्पन्न किती, हे तिथे पाहत नाहीत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून पुष्कळ वेळ जातो. म्हणून तिच्या सोबत तारखेला जाणारं कुणी आहे का, त्या दिवशी तिची रोजी बुडते ती कोण भरून देणार, शाळा सुटल्यावर पोरं कोण आणणार, हे समितीनं बघावं. एवढं केलंत तरी मोठं काम होईल.

आता पुरुषांकडे येतो. आजवरचं सगळं बोलणं तिच्याशी झालं आहे: नीट राहा, समजून घे, त्याचा स्वभावच तापट आहे. मारणाऱ्याशी कोण बोललं? त्याचा मामा असेल, तालमीचा वस्ताद असेल, ज्याच्या ट्रॅक्टरवर तो जातो तो मालक असेल. ज्यांच्यापुढे त्याची नजर खाली जाते असे दोघं शोधा. त्यांनी सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याला गाठावं. "बायको काय बोलली?" असं विचारू नये. त्या प्रश्नानं आपण त्याला कारण शोधून देतो. सरळ सांगावं की तू तिचा हात मोडलास, पोलिसांनी विचारलं तर आम्ही खरं तेच सांगणार, तिच्या वाटेला जाऊ नकोस आणि केस मागे घ्यायला तिच्यावर दबाव आणू नकोस. बोलणं शांतपणे व्हावं. त्याला पारावर आणून चार लोकांत अपमान केला, तर त्या रात्री तो अपमान तिच्या पाठीवर उतरतो. हे मी केंद्रात अनेक जणींकडून ऐकलं आहे.

"तो दारू पितो म्हणून मारतो" असं समितीतले लोक तुम्हाला सांगतील. त्यांना विचारा, पिऊन आल्यावर तो सरपंचाला मारतो का? फौजदाराला मारतो का? स्टँडवरून घरापर्यंतच्या वाटेत भेटलेल्या कुणावरच त्याचा हात उठत नाही. त्याची दारू सोडवायला जरूर मदत करा, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन जा. पण दारू सुटल्यावरही मारणारे मी पाहिले आहेत, त्यामुळे तिच्या सुरक्षिततेचा विचार वेगळा करा.

त्याच्या शेजाऱ्यांना भेटा. आपल्या गावात भिंतीला भिंत असते, सगळ्यांना ऐकू येतं. बायका कानोसा घेतात आणि पुरुष टीव्हीचा आवाज वाढवतात. त्याऐवजी दोन पुरुषांनी उठून दार वाजवावं आणि काडेपेटी मागावी. पाणी मागावं, म्हैस सुटली म्हणून सांगावं, काहीही चालेल. दार वाजलं की तेवढ्यापुरता तरी हात थांबतो. एकट्यानं जाऊ नये. हातात कोयता, कुऱ्हाड असल्याची शंका आली तर लगेच ११२ ला फोन करावा. बाईला मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे, तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि पिठाच्या गिरणीत लिहून ठेवा. आणि तिनं आपल्याला सांगितलं, हे त्याला चुकूनही कळू देऊ नका.

या सगळ्यात अवघड असतो तो जबाब. अशी प्रकरणं न्यायालयात लटकतात, कारण पाहिलेला माणूस "मला काही माहीत नाही" म्हणतो. भावकीतल्या एखाद्या पुरुषानं उभं राहून खरं सांगितलं, तर तिच्या बोलण्याला वजन येतं. ते आधीच यायला हवं, हे खरं आहे. पण आज गावात पुरुषाचा शब्द जड मानला जातो, तर तो तिच्या बाजूनं तरी वापरा.

तुम्ही शांततेविषयी विचारलंत, म्हणून भिवंडीची आठवण करून देतो. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान माणसं त्यात नेमानं एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती माणसं साध्या दिवसांतही भेटत होती, त्यामुळे अफवा आली की कुणाचं दार ठोठवायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आपल्या समितीपुढे बाई येते ती हात मोडल्यावर. तुम्ही महिन्यातून एकदा आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायकांबरोबर बसा. त्यांना बोलू द्या, तुम्ही ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या सुमारे चौघींपैकी एकीनं नवऱ्यानं हिंसा केल्याचं सांगितलं होतं. तुमच्या साडेतीनशे उंबऱ्यांत असं हे एकच घर असेल, असं मला वाटत नाही.

आणि उद्या सासरा आला की म्हणा, "तात्या, तक्रार तिची आहे. त्याबद्दल मी तिला एक शब्द बोलणार नाही. उद्या सकाळी तुमच्या पोराला भेटायला मी आणि त्याचा मामा येतोय, त्याला घरी थांबायला सांगा."

प्रश्न : माझं वय २२, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर वर्गातल्या मुलींचे फोटो टाकून घाणेरडं लिहितात. मी एकदा "बास करा" म्हणालो, तर "बायल्या" म्हणून आठवडाभर पिडलं. ग्रुप सोडू का?
— एक विद्यार्थी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ग्रुप लगेच सोडू नकोस. तू गेलास तर तिथे "बास" म्हणणारा एकही उरणार नाही. पण ग्रुपवर भांडत बसू नकोस, तिथे प्रत्येक जण दुसऱ्यांना दाखवायला बोलत असतो. त्या पंधरा-वीस जणांपैकी निम्मे तरी गप्प बसलेले असतील. त्यातला एक निवड, ज्याला हे मनातून खटकत असेल असं तुला वाटतं, आणि त्याला चहाला घेऊन जा. पुढच्या वेळी तुम्ही दोघं बोला. दोघांना बायल्या म्हणणं एकाला म्हणण्याइतकं सोपं नसतं. कुणाचा खासगी फोटो फिरत असेल तर तो गुन्हा आहे. तेव्हा त्या मुलीला कळव, पुरावा जपून ठेव आणि तिला काय करायचं आहे ते तिला ठरवू दे. तिच्या वतीनं परस्पर काही करू नकोस.

तू एकटा आहेस असं वाटून घेऊ नकोस. १९९१ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात जाहिरात आली होती : बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. २०५ जणांनी उत्तर दिलं. त्यातूनच १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. तिनं पुढे पुण्यासह अनेक ठिकाणी कॉलेजांतल्या मुलांशी नेमक्या याच विषयांवर बोलायला सुरुवात केली. आणि नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. दंड किती वसूल झाला, यापेक्षा मला ती सभा महत्त्वाची वाटते. उभी हयात तशा शिव्या ऐकलेल्या पुरुषांनी एकत्र बसून "हे आता नको" म्हणून हात वर केले. तुमच्या ग्रुपवर तसे दोन हात वर होऊ शकतात.

प्रश्न : तुमचं सदर नेमानं वाचते, पण एक खटकतं. बायकांच्या प्रश्नातही पुरुषांनाच पुढे का करता? माईक हातात आला की ते परत देत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे. महिला दिनाच्या कार्यक्रमात पाच पुरुष बोलतात आणि मग वेळ संपते, हे मीही पाहतो. समतेच्या गोष्टी करणारा पुरुष भेटला की मी एकच पाहतो : त्यानं काय सोडलं? र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार सोडला नाही आणि त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचं एक मोठं कारण बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं, पण अडवून ठेवलेलं हिंदू कोड बिल होतं. आपल्या गावच्या पुरुषाला एवढं काही सोडावं लागत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कितीतरी ग्रामपंचायतींत सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले दिसतात, आणि बाई सहीपुरत्या येतात. त्यानं खुर्चीवरून उठावं. बैठकीच्या दिवशी घरी थांबून त्यानं स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास बघावा. असं करणाऱ्याचं मी या सदरात कौतुक केलं तर ते तुम्ही चालवून घ्या. भाषण करणाऱ्याचं केलं, तर मात्र मला पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. तिथे गस्तीवर गेलं की गावातल्या बायका आमच्यापासून लांब राहायच्या, महिला जवान बरोबर असल्या की येऊन बोलायच्या. गावात परत आलो तर इथे काय पाहिलं? ड्यूटीवर जीव गेलेल्या पोराची बायको, वय २६. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि आता हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. सरकार तिला वीरपत्नी म्हणतं. आम्ही माजी सैनिक काही करू शकतो का?
— एक माजी सैनिक, सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, तुम्ही काँगोत जे पाहिलंत, त्याला जगानं ठरावाचं रूप दिलं आहे. शांततेच्या कामात बायकांचा वाटा असलाच पाहिजे, असा ठराव सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० ला केला. २००७ मध्ये आपल्याच देशानं लायबेरियात संपूर्ण महिलांचं पोलीस पथक पाठवलं, शांतिसेनेच्या इतिहासातलं तसं ते पहिलंच. तुमच्या गावाला हे सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. गणवेशातल्या माणसाचं आपल्या सातारा जिल्ह्यात ऐकतात.

तुमच्या प्रश्नाची वाट कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं दाखवली आहे. करोनात तरुण माणसं गेली, त्यांच्या बायकांचे हाल लोकांनी पाहिले. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, ग्रामपंचायतीनं ठराव केला : कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. १७ मे २०२२ ला राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्याची प्रत तुमच्या ग्रामपंचायतीकडे मागा.

ठरावाआधी त्या मुलीशी बोला, म्हणजे तुमच्या घरातल्या बायकांना बोलू द्या. तिला काय हवं आहे, हे तिनंच सांगायचं. कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. ती खरोखर घ्यायला लावा आणि विषय आधी तिथे येऊ द्या. बांगड्या फोडणारे हात बायकांचेच असतात, असं सभेत कुणीतरी म्हणेलच. तेव्हा सांगा, की त्या वेळी अंगणात कर्ते पुरुष उभे असतात आणि त्यांच्यातला एक जण "थांबा" म्हणाला तरी ते थांबतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. सभा, भाषणं पुष्कळ झाली होती. या माणसांनी थेट वस्तराच खाली ठेवला आणि त्या दिवसाची कमाईही सोडली.

तुम्ही माजी सैनिक एक गोष्ट याच आठवड्यात करू शकता. प्रत्येकानं एका कागदावर आपल्या हातानं लिहावं : "माझ्या मागे माझ्या पत्नीचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, तिला कोणत्याही कार्यातून वगळू नये." खाली सही करावी, आणि कागद थोरल्या मुलाच्या किंवा भावाच्या हाती द्यावा. मेलेल्या माणसाची इच्छा म्हटल्यावर आपल्याकडे म्हातारी माणसंसुद्धा मोडता घालायला धजत नाहीत. त्याच बैठकीत सातबाऱ्याचा विषय काढा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी हयातीतच बायकोचं नाव जमिनीला लावलं. तलाठ्याकडे अर्ज कसा द्यायचा, कोणते कागद लागतात, हे मी पुढच्या अंकात देतो. तोवर त्या मुलीच्या नवऱ्याच्या हिश्श्याला तिची वारस नोंद झाली आहे का, एवढं तुम्ही चावडीवर जाऊन बघा. झाली नसेल तर दीर-सासऱ्यांशी आधी तुम्हीच बोला. तिला एकटीला त्या बोलण्यात ढकलू नका.